मंगळावरचे रोव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळावरून नवा फोटो आला की तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात, आणि ते विचारण्यासारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. रोव्हरची बातमी बहुतेक वेळा 'इतके किलोमीटर गेला' अशी येते. त्याचं खरं काम मात्र तो थांबतो तिथे होतं. म्हणून खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून त्या थांबण्यापाशीच येतील.

लँडर आणि रोव्हर यांत फरक काय?

लँडर उतरतो तिथेच राहतो. त्याचा यांत्रिक हात पोहोचेल तेवढीच त्याची जमीन. रोव्हरला चाकं असतात. फरक एवढाच, पण भूशास्त्रासाठी तो फार मोठा आहे. खडकांचे थर एकावर एक साचलेले असतात. त्यांचा इतिहास वाचायचा तर एका थरावरून दुसऱ्या थरावर जावंच लागतं. १९७६ साली उतरलेल्या दोन्ही व्हायकिंग यानांनी उत्तम काम केलं, पण काही मीटर पलीकडचा खडक त्यांना फक्त बघता आला, हात लावता आला नाही.

आजवर मंगळावर किती रोव्हर चालले?

सहा. सोजर्नर (१९९७), स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी (दोन्ही जानेवारी २००४), क्युरिऑसिटी (ऑगस्ट २०१२), पर्सिव्हिअरन्स (फेब्रुवारी २०२१) हे पाच नासाचे, आणि मे २०२१ मध्ये उतरलेला झुरोंग चीनचा. सोजर्नरचं वजन जेमतेम साडेदहा किलो होतं, पर्सिव्हिअरन्सचं १,०२५ किलो आहे. त्याआधी १९७१ मध्ये सोव्हिएत संघाच्या मार्स-३ यानाबरोबर तारेने बांधलेलं, पट्ट्यांवर सरकणारं एक छोटं यंत्र गेलं होतं. पण यान उतरल्यावर लगेचच संपर्क तुटला आणि ते यंत्र कधी वापरताच आलं नाही.

चंद्रावरचे रोव्हर, म्हणजे १९७० चा सोव्हिएत लुनोखोद-१ किंवा २०२३ चा भारताचा प्रज्ञान, या मोजणीत नाहीत. चंद्र ग्रह नाही, शिवाय तिथली कामाची पद्धतही वेगळी असते.

पृथ्वीवर बसून रिमोटने चालवतात का?

नाही. आणि हे एकदा नीट समजलं की पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

चंद्रापर्यंत रेडिओ संदेश जायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. त्यामुळे लुनोखोद चालवणारे लोक पडद्यावर बघून गाडी वळवू शकत होते. मंगळ कधी साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, तर कधी चाळीस कोटींवर. संदेश एका बाजूने जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. समोर खड्डा आहे हे तुम्हाला कळून तुम्ही 'थांब' म्हणेपर्यंत रोव्हर त्या खड्ड्यात जाऊन पडलेला असेल.

म्हणून काम दिवसाच्या हिशेबाने चालतं. मंगळाचा दिवस, म्हणजे एक 'सोल', २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. दुपार सरल्यावर रोव्हर आपले फोटो आणि मोजमापं डोक्यावरून जाणाऱ्या, मंगळाभोवती फिरणाऱ्या एखाद्या परिभ्रमक यानाकडे सोपवतो, आणि ते यान पुढे पृथ्वीकडे पाठवतं. इथे शास्त्रज्ञ त्या ताज्या फोटोंवर तुटून पडतात. समोरच्या दगडाला हात लावायचा की पुढे निघायचं? डावीकडच्या पांढऱ्या शिरेचा जवळून फोटो घ्यायचा, की ती वीज पुढच्या प्रवासाला ठेवायची? यावर खरोखर वाद होतात. निर्णय झाला की रोव्हर चालवणारे अभियंते जोडकॅमेऱ्यांच्या फोटोंतून बनवलेल्या त्रिमितीय जमिनीवर प्रत्येक हालचाल आधी करून बघतात. हाताचा सांधा कुठे दगडाला घासणार तर नाही ना, चाक कुठे तिरकं चढणार, वीज पुरेल का, सगळं तपासून आज्ञांची यादी तयार होते. मंगळावर सकाळ झाली की ती रोव्हरला मिळते.

उतरल्यानंतरचे पहिले काही महिने पृथ्वीवरचा चमू चक्क मंगळाच्या घड्याळावर काम करतो. रोज कामावर यायची वेळ ४० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला आलेला माणूस अडीच आठवड्यांनी रात्री आठला येतो, आणि भर दिवसा झोपण्यासाठी खिडक्यांना जाड पडदे लावतो. हे फार काळ कोणालाच झेपत नाही, त्यामुळे पुढे पृथ्वीच्या वेळा सुरू होतात. मग मध्येमध्ये असे सोल येतात की कालचं काय झालं हे कळायच्या आधीच उद्याचं ठरवावं लागतं. साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य पृथ्वी आणि मंगळ यांच्या बरोबर मध्ये येतो. तेव्हा अर्धवट आज्ञा पोहोचण्याची जोखीम नको म्हणून सुमारे दोन आठवडे नव्या आज्ञा पाठवतच नाहीत.

मग रोव्हर स्वतः किती ठरवतो?

पूर्वीपेक्षा बरंच. चालताना तो जमिनीचे फोटो घेतो, आधीच्या फोटोशी ताडून पाहतो आणि आपण खरंच किती पुढे आलो ते मोजतो. फक्त चाकांचे फेरे मोजून भागत नाही, कारण वाळूत चाक जागेवरच फिरू शकतं. वाटेतले धोंडे ओळखून स्वतः वाट काढणंही त्याला जमतं. पर्सिव्हिअरन्सकडे या कामासाठी स्वतंत्र संगणक आहे, त्यामुळे चालता चालताच विचार करता येतो. जुन्या रोव्हरना काही पावलं जाऊन थांबावं लागे. १९ जून २०२५ रोजी पर्सिव्हिअरन्सने एकाच सोलमध्ये ४११ मीटरची मजल मारली. कोणत्या दगडावर लेझर मारून बघावा हेही काही वेळा रोव्हरच निवडतो. कुठे जायचं आणि का जायचं, ते मात्र माणसंच ठरवतात.

एवढा हळू का चालतो?

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्सचा सपाट जमिनीवरचा कमाल वेग तासाला दीडशे मीटरच्या आसपास आहे. वीज थोडी असते, आणि उलटला तर उचलायला कोणी नसतं. ऑपॉर्च्युनिटीला मॅरेथॉनइतकं अंतर पार करायला अकरा वर्षं लागली. २०१५ च्या मार्चमध्ये ते पूर्ण झालं आणि शेवटी आकडा ४५.१६ किलोमीटरवर थांबला. पृथ्वीबाहेर कोणतंही चाकाचं वाहन याहून जास्त चाललेलं नाही.

पण वेगाकडे बघण्याची ही नजरच मला चुकीची वाटते. क्युरिऑसिटीचंच उदाहरण घ्या. तो गेल विवरात उतरला तो माउंट शार्प हा पाच किलोमीटर उंचीचा थरांचा डोंगर चढण्यासाठी. उतरल्यावर चमूने त्याला डोंगराकडे पाठ करून उलट्या दिशेला पाठवलं, कारण जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर तीन वेगवेगळ्या प्रकारची जमीन एकत्र येताना दिसत होती. तिथे महिन्यामागून महिने गेले. डोंगराचा पायथा गाठायला २०१४ चा सप्टेंबर उजाडला. पण 'इथे कधी काळी सूक्ष्मजीवांना राहता येईल अशी परिस्थिती होती का?' हा मोहिमेचा मुख्य प्रश्न त्या आडवाटेवरच सुटला. लवकर पोहोचण्याची घाई केली असती तर ते उत्तर मागेच राहिलं असतं.

तिथे नेमकं काय सापडलं?

त्या जागेचं नाव यलोनाइफ बे. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीने 'जॉन क्लाइन' नावाच्या सपाट खडकाला भोक पाडलं. दुसऱ्या ग्रहावरच्या खडकाच्या आतून नमुना काढण्याची ती पहिलीच वेळ. भोक १.६ सेंटीमीटर रुंद आणि ६.४ सेंटीमीटर खोल. वरून सगळं तांबूस, पण भोकातून बाहेर पडलेली पूड करडी निघाली. मंगळाचा लाल रंग म्हणजे वरवरचा गंज होता, आतला खडक त्यातून वाचलेला होता.

ती पूड रोव्हरच्या पोटातल्या उपकरणांत गेली. एकाने क्ष-किरणांनी त्यातली खनिजं ओळखली, दुसऱ्याने ती भट्टीत तापवून बाहेर पडणारे वायू तपासले. खडक बारीक गाळाचा होता, त्यात चिकणमातीची खनिजं होती. पाणी फार आम्लही नव्हतं आणि फार खारटही नव्हतं. म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि तेही साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या आसपासचं. कुठलाही फोटो हे सांगू शकला नसता. त्यासाठी एका खडकापाशी तळ ठोकूनच बसावं लागलं.

चाकं सहाच का? आणि रबरी टायर का नसतात?

सहा चाकं आणि दोन्ही बाजूंना सांध्यांनी जोडलेल्या दांड्या, अशी ही रचना आहे. त्यात स्प्रिंग नसतात. एक चाक धोंड्यावर चढलं तरी बाकीची पाच जमिनीला टेकून राहतात आणि वरचं धूड फारसं कलंडत नाही. सोजर्नरपासून नासाने हीच रचना ठेवली आहे. प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर असते, त्यामुळे एखादं निकामी झालं तरी रोव्हर चालू शकतो.

रात्री पारा उणे ८०-९० अंशांपर्यंत उतरतो, तिथे रबर टिकणार नाही. म्हणून चाकं ॲल्युमिनियमची. क्युरिऑसिटीच्या चाकाचा व्यास ५० सेंटीमीटर, पण पत्र्याची जाडी फक्त पाऊण मिलिमीटर, कारण वजन वाचवायचं होतं. २०१३ मध्ये त्या पत्र्याला अपेक्षेपेक्षा लवकर भोकं पडू लागली. जमिनीत घट्ट रुतलेले, वाऱ्याने धार आलेले दगड त्याला फाडत होते. पृथ्वीवरून दुरुस्ती शक्य नाही, तेव्हा चालण्याची पद्धत बदलली. मऊ जमिनीची वाट निवडायची, चाकांचा वेग जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे कमीजास्त करायचा, आणि ठराविक अंतरानंतर हाताच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने चाकांची तपासणी करायची. त्याच फाटक्या चाकांवर तो ३५ किलोमीटरच्या पुढे गेला आहे. पर्सिव्हिअरन्सला जाड पत्र्याची आणि वेगळ्या नक्षीची चाकं दिली, ती हा अनुभव घेऊनच.

रोव्हर वाळूत रुतला तर?

कधी निघतो, कधी नाही. ऑपॉर्च्युनिटी एप्रिल २००५ मध्ये एका वाळूच्या लाटेत रुतला आणि जूनमध्ये सुटला. त्या काळात पृथ्वीवर तशीच वाळू कालवून, तिच्यात जुळा रोव्हर मुद्दाम रुतवून बाहेर काढण्याचे प्रयोग केले गेले. चाकं कितीतरी मीटर फिरवायची तेव्हा रोव्हर काही सेंटीमीटर सरकायचा.

स्पिरिटच्या नशिबात ते नव्हतं. त्याचं पुढचं उजवं चाक २००६ मध्येच बंद पडलं होतं. तेव्हापासून तो उलटा चालत होता, मेलेलं चाक मागे फरफटत. त्या फरफटीने जमिनीत एक चर पडला आणि २००७ मध्ये त्या चरात पांढरीशुभ्र माती दिसली. तपासली तर नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध सिलिका. अशी सिलिका गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी किंवा ज्वालामुखीच्या वाफा निघतात तिथे तयार होते. स्पिरिटचा हा सर्वांत मोठा शोध मोडक्या चाकाने लावून दिला. पुढे २००९ मध्ये जमिनीचं वरचं कवच फुटून तो खालच्या भुसभुशीत मातीत अडकला. अनेक महिने प्रयत्न झाले, पण तो निघाला नाही. हिवाळ्यात पॅनेल सूर्याकडे कलतील असं उभं राहणं त्याला जमलं नाही, वीज घटत गेली आणि २२ मार्च २०१० नंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही.

वीज कुठून मिळते?

सोजर्नर, स्पिरिट, ऑपॉर्च्युनिटी आणि झुरोंग सौर पॅनेलवर चालले. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्समध्ये ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड आहे. त्याच्या किरणोत्सारी क्षयातून निघणाऱ्या उष्णतेपासून वीज बनते, सुरुवातीला सुमारे ११० वॅट. घरातला पंखा चालवायला लागते त्याहून ही थोडीच जास्त. ती बॅटरीत साठवायची आणि मग वापरायची. उरलेली उष्णता रात्री यंत्रं उबदार ठेवते, आणि मंगळावर ती उष्णता विजेइतकीच मोलाची असते.

सौर पॅनेलवरची धूळ पुसायला वायपर का लावत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. मंगळाची धूळ अतिशय बारीक असते आणि स्थिर विद्युतभारामुळे चिकटून बसते. ती घासली तर पॅनेलवर ओरखडे पडतात. शिवाय वायपर म्हणजे जास्तीचं वजन आणि बिघडू शकणारा आणखी एक भाग. तेवढ्या वजनात पॅनेलच मोठं करणं परवडतं. काही वेळा वाऱ्यानेच काम केलं. मार्च २००५ मध्ये स्पिरिटची पॅनेलं वाऱ्याने अशी स्वच्छ केली की वीज एकदम वाढली. पण वाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. मे २०२२ मध्ये हिवाळ्यासाठी झोपवलेला झुरोंग पुन्हा जागा झाला नाही, त्यातही धुळीचा हात असल्याचं मानलं जातं.

'माझी बॅटरी संपत आलीय आणि अंधार पडतोय' हे ऑपॉर्च्युनिटीचे शेवटचे शब्द खरे आहेत का?

शब्द त्याचे नाहीत. १० जून २०१८ रोजी आलेल्या शेवटच्या संदेशात वीज किती उरली आणि आकाश किती झाकोळलं आहे याचे आकडे होते. एका पत्रकाराने त्यांचा अर्थ असा सांगितला आणि तो जगभर पसरला. आकडे मात्र खरोखर भीतीदायक होते. ग्रहभर पसरलेल्या धुळीच्या वादळाने दिवसाची रात्र केली होती. त्यानंतर हजारापेक्षा जास्त वेळा हाक मारूनही उत्तर आलं नाही, आणि १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचं जाहीर झालं. ९० सोलसाठी पाठवलेला रोव्हर चौदा वर्षं चालला होता. लोक त्या वाक्याने हळहळले यात मला काही गैर वाटत नाही.

रोव्हर मंगळावर उतरतो कसा?

मंगळाचं वातावरण पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे. यान तापण्याइतकं ते पुरतं, पण थांबण्याइतकं पुरत नाही. पर्सिव्हिअरन्स ताशी सुमारे १९,५०० किलोमीटर वेगाने आत शिरला. आधी उष्णतारोधक कवच, मग साडेएकवीस मीटर व्यासाचं पॅरॅशूट, मग रॉकेट, आणि शेवटी हवेत तरंगणाऱ्या रॉकेटच्या सांगाड्याने दोऱ्यांनी अलगद खाली सोडलं. हे सगळं सुमारे सात मिनिटांत झालं. तेव्हा संदेश पृथ्वीवर यायला अकरा मिनिटं लागत होती, म्हणजे यान वातावरणात शिरल्याची खबर आली तेव्हा तिथे निकाल लागूनही गेला होता. स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटी हवेच्या उशांत गुंडाळून आपटत, उसळत उतरले होते. एक टनाच्या रोव्हरला ते शक्य नाही.

फोटोंतले रंग खरे असतात का?

काही फोटोंत असतात, काहींत मुद्दाम बदललेले असतात. मंगळावरचा प्रकाश धुळीमुळे पिवळट-तांबूस होतो. पृथ्वीवरच्या उजेडात दिसला असता तसा खडक दाखवला, तर भूशास्त्रज्ञांना तो चटकन ओळखता येतो. रंग जुळवायला रोव्हरवर रंगांची तबकडी बसवलेली असते. सूर्यास्ताच्या वेळी सूर्याभोवती दिसणारी निळी झाक मात्र खरी आहे.

जीवसृष्टी सापडली का?

नाही. पण प्रश्न पूर्वीपेक्षा खूप नेमका झाला आहे. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्सला जेझेरो विवरात येणाऱ्या एका जुन्या नदीपात्रात 'चेयावा फॉल्स' नावाचा खडक भेटला. त्यावर गडद कडांचे फिकट ठिपके आहेत, आणि त्यांत लोहाची अशी खनिजं दिसतात जी पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात ही 'संभाव्य' जैवखूण म्हटली आहे, कारण जीवाशिवायही असे ठिपके पडू शकतात. 'मंगळावर जीव सापडला' अशी बातमी वाचलीत तर 'संभाव्य' हा शब्द कुठे गळाला ते आधी शोधा.

त्या खडकाचे नमुने पृथ्वीवर येणार का?

नमुना नळीत बंद होऊन रोव्हरजवळ आहे. पर्सिव्हिअरन्सने अशा दहा नळ्या २०२२-२३ मध्ये जमिनीवर एका ठिकाणी ठेवूनही दिल्या. त्या आणण्याची मूळ योजना खर्च आणि वेळ या दोन्हींत आवाक्याबाहेर जात असल्याचं नासाने २०२४ मध्ये मान्य केलं. आज त्याला खात्रीची तारीख नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत खंतावणारी गोष्ट आहे. जे उत्तर त्या नळ्यांमधून मिळू शकतं ते मिळवायला रोव्हरच्या पोटात मावणार नाहीत अशी उपकरणं लागतात.

जिथे आज पाणी असू शकतं तिथेच रोव्हर का नेत नाहीत?

आपलेच जंतू तिथे नेऊन सोडण्याचा धोका असतो. रोव्हर निर्जंतुक खोलीत बांधतात, तरी तो शंभर टक्के जंतुमुक्त होत नाही. अशा जागांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम फार कडक आहेत, आणि ते असायलाच हवेत. नाहीतर उद्या सापडलेला जीव मंगळाचा की आपणच नेलेला, हे कधीच सांगता येणार नाही.

हेच काम माणूस पटकन करणार नाही का?

करेल. १९७२ मध्ये अपोलो-१७ च्या दोघांनी तीन दिवसांत चंद्रावर सुमारे ३५ किलोमीटर गाडी चालवली. त्यांपैकी हॅरिसन श्मिट स्वतः भूशास्त्रज्ञ होते, आणि कोणता दगड उचलायचा हे त्यांना बघताक्षणी कळत होतं. पण रोव्हरला जेवण लागत नाही, परतीचं तिकीट लागत नाही, आणि एका खडकासमोर महिनाभर बसायला त्याची हरकत नसते.

शुक्रावर रोव्हर का नाही?

पृष्ठभागावर सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या नव्वद पट दाब. १९८२ मध्ये उतरलेलं सोव्हिएत यान व्हेनेरा-१३ तिथे १२७ मिनिटं टिकलं, आणि तीच मोठी कामगिरी मानली गेली. साधे इलेक्ट्रॉनिक भाग त्या तापमानात चालत नाहीत.

रोव्हरचे फोटो मला पाहता येतील का?

हो, फुकट. नासा आपल्या रोव्हरचे कच्चे फोटो पृथ्वीवर पोहोचल्यावर लवकरच संकेतस्थळावर टाकते. प्रत्येकावर सोल आणि कॅमेऱ्याचं नाव असतं. सुरुवातीला रंगीत निसर्गचित्रं सोडा आणि एकाच जागेचे सलग काही सोल बघा. आधी मार्ग दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा दूरचा फोटो येतो, मग त्यातलाच एखादा खडक जवळून, मग त्याच्यावर टेकलेला हात, मग घासून साफ केलेला गोल डाग, आणि नशीब असेल तर ड्रिलचं भोक आणि त्याभोवतीची पूड. पुढच्या सोलला रोव्हर तिथेच आहे की निघाला, यावरून आदल्या दिवशीच्या वादात कोणाचं म्हणणं मान्य झालं ते तुम्हाला कळेल.